मज्जारज्जूच्या इजेनंतरचे जगणे आणि खेळ: शहापूर-मुरबाडच्या संदर्भात

मज्जारज्जू मेंदूच्या तळाशी सुरू होतो आणि मणक्यांच्या पोकळीतून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत उतरतो. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके त्याला सांभाळतात. मणका मोडला किंवा सरकला, की तेच हाड रज्जूवर दाबले जाते आणि इजेच्या खालच्या अंगाचा मेंदूशी संबंध तुटतो. इजा मानेत झाली तर हात आणि पाय दोन्ही जातात. छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर झाली तर हात शाबूत राहतात, पाय जातात. लोकांना दिसतात ते लुळे पाय. न दिसणारे नुकसान अधिक त्रासाचे असते: लघवी-शौचावरचा ताबा, लैंगिक क्षमता, घाम येणे, रक्तदाब आवरणे आणि बसल्या जागी कातडीला काय होते आहे याची जाणीव. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी अडीच ते पाच लाख लोकांना अशी इजा होते. इजा झालेल्यांत अकाली मृत्यूची शक्यता इतरांच्या दोन ते पाच पट असते, आणि गरीब देशांत ती आणखी वाढते.

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शहापूर आणि मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर जिल्ह्याचा ग्रामीण आणि आदिवासी भाग मुख्यतः इथेच उरला. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी आणि आगरी ही इथली वस्ती. भातशेती, जंगल आणि मजुरी हा चरितार्थ. इथे मणका मोडण्याची कारणे या चरितार्थातच आहेत. आंबा-जांभळाच्या झाडावरून पडणे, विहिरीच्या काठावरून घसरणे, डोक्यावर भाताचा भारा किंवा लाकडाची मोळी घेऊन उतरताना मानेवर पडणे, कल्याण-भिवंडीच्या बांधकामावर परांचीवरून कोसळणे. त्यात मुंबई-नाशिक महामार्ग आणि कसारा घाट, कल्याण-नगर रस्ता आणि माळशेज घाट यांवरचे अपघात मिळवायचे. डोक्यावरच्या ओझ्यासह पडून होणारी मानेची इजा बांगलादेशातही ठळकपणे आढळते. तिथे साव्हार येथील पक्षाघातग्रस्तांच्या पुनर्वसन केंद्राने १९७९ पासून याच वर्गातल्या रुग्णांवर काम केले आहे. मणक्याचा क्षयरोगही रज्जू दाबून अंग लुळे पाडतो. तो वेळेवर ओळखला तर औषधाने बरा होतो, म्हणून पाठदुखी आणि पायांतला अशक्तपणा एकत्र आले की ते अंगावर काढू नये.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाभरात पुढचे बरेच काही ठरते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण डोंगरातल्या कित्येक पाड्यांपर्यंत वाहन पोचत नाही. रुग्णाला झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणावे लागते. झोळीत पाठ वाकते, आणि मणका अस्थिर असेल तर अर्धवट दबलेला रज्जू पुरता दबण्याची भीती असते. फळी, दार किंवा खाटेवर पाठ सरळ ठेवून, मानेला दोन्ही बाजूंनी आधार देऊन, चौघांनी एकाच वेळी उचलणे एवढे ज्ञान प्रत्येक पाड्यावर असले तरी काही माणसांचे पाय वाचतील. तिथून पुढे तालुक्याचे सरकारी रुग्णालय, मग ठाणे किंवा कळवा, मग मुंबईचे शीव, केईएम किंवा जे. जे. असा प्रवास होतो. शस्त्रक्रिया होते, मणक्याला पट्ट्या आणि स्क्रू बसतात, काही आठवड्यांत रुग्ण घरी येतो. पुनर्वसन म्हणून जे शिकवायला हवे, म्हणजे अंथरुणावरून खुर्चीत जाणे, कातडी तपासणे, ठरावीक वेळी स्वतः नळी घालून लघवी काढणे, ते शिकवायला मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ पासून राष्ट्रीय संस्था आहे. मात्र रोजंदारी बुडवून सोबत राहणारा माणूस घरात नसेल, तर डोळखांब किंवा टोकावड्यासारख्या गावातल्या रुग्णाला ती दूरच राहते.

इथपर्यंतचा भाग वैद्यकाचा झाला. घरी आलेल्या माणसापुढचा प्रश्न वेगळा असतो. गावात त्याला ज्या ओळखीने हाक मारली जाई ती आता कुठे गेली?

या दोन तालुक्यांत तरुण माणसाची ओळख दोन गोष्टींवर उभी असते. तो काम किती उचलतो आणि मैदानात काय करतो. आवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून राहणारा, पेंढ्याचे भारे गाडीत चढवणारा अंगमेहनती माणूस संध्याकाळी कबड्डीच्या मैदानावर चढाईला जातो किंवा डावा कोपरा सांभाळतो. पावसाळा सरला की गावोगाव मंडळांचे सामने लागतात, आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटच्या स्पर्धा उन्हाळाभर चालतात. शाळा कधीच सुटलेली असली, नोकरी नसली, तरी अमुक मंडळाचा चढाईपटू म्हणून माणूस आजूबाजूच्या दहा गावांत माहीत असतो. ही ओळख शरीराने कमावलेली असते आणि तिच्यासाठी दुसरे भांडवल लागत नाही. म्हणूनच मणका मोडतो तेव्हा शहरातल्या कारकुनापेक्षा या माणसाचे जास्त जाते. कारकुनाचे काम, पगार आणि खुर्ची तिथेच थांबून असते. इथे हाताला काम देणारे आणि नावाला मान देणारे एकच शरीर होते.

खेळाडूपणावर उभ्या असलेल्या ओळखीचा शास्त्रीय अभ्यास १९९० च्या दशकात सुरू झाला. ब्रिटन ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ती मोजण्याची एक प्रश्नावली मांडली. स्वतःकडे फक्त खेळाडू म्हणून पाहणाऱ्यांना दुखापतीनंतर नैराश्याचा धोका अधिक असतो, हा त्या अभ्यासाचा गाभा होता. इंग्लंडमध्ये ब्रेट स्मिथ आणि अँड्र्यू स्पार्क्स यांनी रग्बी खेळताना मज्जारज्जूची इजा झालेल्या १४ पुरुषांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी आजारपणाच्या कथनांचे तीन प्रकार सांगितले होते: ‘मी पूर्वीसारखा होईन’ हे पहिले, सगळे कोसळल्याचे दुसरे, आणि या अनुभवातून नवे काही शोधण्याचे तिसरे. त्या १४ जणांपैकी बहुतेकांचे बोलणे पहिल्या प्रकारचे होते. एक दिवस आपण चालू लागू, मग खरे आयुष्य पुन्हा सुरू होईल, तोवर हा काळ नुसता ढकलायचा, अशी ती धारणा होती.

शहापूर-मुरबाडमध्ये ही धारणा इथल्या रूपात भेटते. मालिशवाला, भगत, नवस, दूरच्या गावचे तेल आणि जडीबुटी यांत पहिली एक-दोन वर्षे जातात, जमीन किंवा दागिना गहाण पडतो. या धडपडीला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. डॉक्टरांनी घाईघाईत दोन वाक्यांत सांगितलेले भवितव्य घरच्यांना नीट कळलेलेच नसते, आणि चालण्याव्यतिरिक्त दुसरे चांगले आयुष्य असू शकते याचा एकही नमुना त्यांनी पाहिलेला नसतो. आशेला धरायला दुसरे काही नसले की ती चालण्यालाच धरून राहते. खेळाचे मोल या ठिकाणी आहे. तो असा नमुना डोळ्यांसमोर उभा करतो.

या विचाराचा उगम दुसऱ्या महायुद्धात आहे. त्याआधी कंबरेखालून लुळ्या झालेल्या सैनिकांतले बहुतेक जण शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने थोड्याच काळात मरत. नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेले मज्जासंस्थेचे शल्यविशारद लुडविग गटमन यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे मज्जारज्जूच्या रुग्णांचा कक्ष सुरू केला. दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची काटेकोर काळजी आणि रोजचा खेळ हा त्यांचा उपचार होता. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांच्या रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. १९६० मध्ये रोमला ४०० खेळाडू जमले आणि ती पहिली पॅरालिंपिक ठरली. गटमन यांना खेळाकडून तीन गोष्टी हव्या होत्या: उरलेल्या स्नायूंची ताकद, कंटाळ्यावर उतारा आणि समाजात परत जाण्याची वाट. तिसरी त्यांना सर्वांत मोलाची वाटे.

महाराष्ट्रात ही वाट प्रथम मुरलीकांत पेटकर यांनी चालून दाखवली. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे पेटकर लहानपणी कुस्ती खेळत. लष्करात गेल्यावर ते मुष्टियुद्धात उतरले. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या. त्यांपैकी एक मणक्यात अडकली आणि कंबरेखालचे अंग निकामी झाले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले. पाण्यात शरीराचे वजन हलके होते, पाय ओढत आणावे लागत नाहीत, आणि मुष्टियोद्ध्याचे खांदे आणि दंड शाबूतच होते. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर मुक्तशैली पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमी वेळेसह त्यांनी सुवर्ण जिंकले. वैयक्तिक प्रकारातले भारताचे हे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण होय. त्यानंतर पुण्याच्या टेल्कोत त्यांनी नोकरी केली. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले.

पेटकरांच्या चरित्रात पदकाइतकीच एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जखमी होण्याआधीची त्यांची ओळख पुसली गेली नाही, तिचे साधन बदलले. आखाडा गेला, रिंगण गेले, पण स्पर्धेला उभे राहणारा माणूस तोच होता. हे घडू शकले कारण लष्कराने उपचार, निवास, साधने आणि पगार यांची तजवीज केली होती. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून अपंग सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे आणि तिथे खेळ हा दिनक्रमाचा भाग आहे. वासिंदच्या बांधकामावरून पडलेल्या मजुराच्या पाठीशी अशी यंत्रणा नसते. पेटकरांची जिद्द सर्वांना सांगितली जाते. त्यांना मिळालेला पोहण्याचा तलाव, फिजिओथेरपिस्ट आणि निश्चिंती यांचा उल्लेख मागे पडतो, आणि मग ज्याला हे काही मिळाले नाही तो जिद्दीत कमी पडला असा अर्थ निघतो. हा अर्थ खोटा आहे आणि तो दुखावणारा आहे.

दीपा मलिक यांची वाटचाल वेगळी. १९९९ मध्ये मज्जारज्जूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियांनंतर छातीखालचे अंग लुळे पडले तेव्हा त्या लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी आणि दोन मुलींच्या आई होत्या. अहमदनगरला त्यांनी उपाहारगृह चालवले. पोहण्यात महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व केले ते वयाच्या पस्तिशीनंतर, आणि २०१६ मध्ये रिओला ४.६१ मीटर गोळाफेकीचे रौप्य मिळवले. भारतीय महिलेचे ते पहिले पॅरालिंपिक पदक होते. आधीची ओळख खेळाडूची नसलेल्या व्यक्तीलाही खेळ नवी ओळख देऊ शकतो, याचे हे उदाहरण. ग्रामीण ठाण्यात मुलींच्या कबड्डीचे संघ आहेत, पण लग्नानंतर बहुतेकींचा खेळ सुटतो. इजा झालेल्या स्त्रीसाठी कुणी मैदानाचा विचारही करत नाही. चूल, पाणी आणि मुले तिला कशी जमतील एवढ्यापुरतीच तिची चौकशी होते.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये हरियाणाच्या धरमबीर यांनी क्लब थ्रो या प्रकारात ३४.९२ मीटरचे सुवर्ण मिळवले. गावच्या कालव्यात सूर मारताना खाली दगड लागून त्यांची मान मोडली होती. उथळ पाण्यात सूर मारणे हे भारतभर मानेच्या इजेचे कारण आहे. भातसा, तानसा आणि बारवी धरणांच्या परिसरात, नदीच्या डोहांत आणि विहिरींत पोरे उन्हाळाभर उड्या टाकतात, त्यामुळे हा धोका इथल्या पालकांनी आणि शिक्षकांनी ओळखलेला बरा. क्लब थ्रो हा खेळ मुळात ज्यांच्या बोटांत पकड उरलेली नाही अशांसाठी आहे. मुग्दलासारख्या आकाराची ३९७ ग्रॅमची लाकडी वस्तू बसून फेकायची असते.

दहीहंडीचा विचार इथे स्वतंत्रपणे करायला हवा, कारण या एकाच खेळात प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. ठाणे जिल्ह्यात गोविंदा पथकात असणे ही मोठी प्रतिष्ठेची गोष्ट आहे. खालच्या थरातले भक्कम गडी, मधले थर आणि वर चढणारा हलका पोर, प्रत्येकाची जागा ठरलेली. थर कोसळला की मानेवर किंवा पाठीवर पडणारा जन्मभरासाठी अंथरुणाला खिळू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उंचीला २० फुटांची आणि वयाला १८ वर्षांची मर्यादा घातली. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि वयाची १४ वर आली. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि मृत्यू झाल्यास १० लाख, गंभीर अपंगत्व आल्यास साडेसात लाख रुपयांची मदत जाहीर केली. मदत गरजेचीच होती. मात्र मज्जारज्जूच्या रुग्णाला पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगायचे असते, आणि त्यात नळ्या, गादी, खुर्ची, औषधे यांचा खर्च थांबत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की पथकातली त्याची जागा जाते. पहिल्या वर्षी मंडळाची मुले घरी येतात, दुसऱ्या वर्षी फोन येतो, नंतर तोही येत नाही. ज्या पथकासाठी तो थरावर उभा राहिला, त्यानेच सरावाचे नियोजन, थरांची मांडणी, सुरक्षेची देखरेख यांत त्याला जागा ठेवणे हे नुकसानभरपाईच्या निकषांत नसले तरी न्यायाचे आहे.

बसून खेळण्याच्या खेळांत जागा कशी दिली जाते, हे व्हीलचेअर बास्केटबॉलच्या नियमांत फार सुंदर दिसते. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शारीरिक क्षमतेनुसार १ ते ४.५ गुण असतात. धड अजिबात स्थिर नसणाऱ्याला १, जवळजवळ सर्व हालचाली असणाऱ्याला ४.५. मैदानावरच्या पाचांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. म्हणजे जवळजवळ सर्व हालचाली असणाऱ्या पाच खेळाडूंचा संघ उतरवताच येत नाही. वरच्या पातळीवर इजा झालेला, कमी गुणांचा खेळाडू संघाला हवाच असतो. १९७७ मध्ये कॅनडातल्या विनिपेग येथे हात-पाय दोन्ही बाधित झालेल्यांनीच व्हीलचेअर रग्बी तयार केली आणि तिथेही हेच तत्त्व आहे. गावात आपल्यावाचून कुणाचे अडत नाही असे वाटणाऱ्या माणसाला, आपल्यावाचून संघ उभा राहू शकत नाही हा अनुभव औषधाइतका लागू पडतो. कोपरा रक्षकाची किंमत जाणणाऱ्या कबड्डीच्या मुलखाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

खेळाआधी शरीराची तयारी मात्र चुकवता येत नाही. शय्याव्रण असेल तर तो भरेपर्यंत खुर्चीत तासन्‌तास बसता येत नाही. लघवीची व्यवस्था लागली नसेल तर माणूस घराबाहेरच पडत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडिस यांनी स्वच्छ हातांनी, स्वतः, ठरावीक वेळाने नळी घालण्याची पद्धत रुजवली. तिच्यामुळे मूत्रपिंडे वाचली आणि लोक दिवसभर बाहेर राहू लागले. छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्यावर इजा असेल तर भरलेले मूत्राशय, घट्ट पट्टा किंवा टोचणारी वस्तू यांनीही रक्तदाब एकदम भडकतो. डोके ठणकणे, चेहरा लाल होणे ही त्याची खूण. अशा वेळी रुग्णाला बसते करून कारण ताबडतोब दूर करायचे असते. मानेच्या इजेत घाम येत नाही, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात सराव धोक्याचा. खांद्यांवर दुहेरी भार पडतो, कारण तेच आता हात आणि तेच पाय. या गोष्टी प्रशिक्षकाला ठाऊक नसतील तर खेळ अपाय करील.

खुर्चीचा प्रश्न निराळा. शिबिरात वाटली जाणारी जड, घडीची खुर्ची रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीसाठी असते. तिची पुढची छोटी चाके शेताच्या बांधावर आणि लाल मातीत रुततात, आणि पावसाळ्याचे चार महिने पाड्यावरून ती हलतच नाही. खेळाची खुर्ची हलकी, तिरक्या चाकांची आणि खेळाडूच्या मापाची लागते, आणि तिची किंमत मजुराच्या आवाक्याबाहेरची असते. प्रवासाचे तसेच. शहापूरला आसनगाव स्थानक जवळ आहे, पण लोकलमध्ये चढायचे तर कुणीतरी उचलावे लागते. मुरबाडला रेल्वेच नाही. दर रविवारी मुंबईला सरावाला जाणे हा उपाय इथल्यांसाठी उपायच नव्हे.

म्हणून तालुक्यात काय शक्य आहे ते पाहणे शहाणपणाचे. गोळाफेक, भालाफेक आणि क्लब थ्रो यांना जमिनीला पट्ट्यांनी घट्ट बांधलेली, जास्तीत जास्त ७५ सेंटिमीटर उंचीची लोखंडी बैठक लागते. ती गावचा वेल्डर करून देऊ शकतो. टेबल टेनिसला शाळेची एक मोठी खोली पुरते. हातांतही ताकद नसणाऱ्यांसाठी बोचिया हा खेळ आहे. तालुका क्रीडा संकुलांची योजना राज्यात आहे. तिथे उतार, रुंद दार आणि वापरता येण्याजोगे शौचालय असले की निम्मे काम होते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या ३० व्या कलमात खेळाच्या सोयी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. ग्रामसभेत हा खर्च कशावर झाला असे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. भांडी किंवा किराणा वाटून तो संपवण्याऐवजी दोन-तीन ग्रामपंचायतींनी मिळून खेळाच्या खुर्च्या घेतल्या तर त्या अनेकांना वापरता येतील.

सर्वांनाच खेळाडू व्हायचे नसते, हेही मानले पाहिजे. काहींना जुने मैदान पाहणेसुद्धा वर्षानुवर्षे सोसत नाही. त्यांना तिथे ओढून नेण्याने भले होत नाही. काहींना शिवणयंत्र, पिठाची गिरणी, मोबाईल दुरुस्ती किंवा किराणा दुकान यांत आपली जागा सापडते आणि ती ओळख खेळाइतकीच खरी असते. काही जण जुन्याच खेळात नव्या कामाने परततात. कबड्डीच्या सामन्यात गुणलेखक टेबलापाशी बसूनच काम करतो, आणि वीस वर्षे चढाया केलेल्या माणसाइतके नव्या मुलाचे पाय कुठे चुकतात हे दुसऱ्या कुणाला चटकन दिसत नाही. पंच, गुणलेखक आणि प्रशिक्षकांच्या परीक्षा आणि शिबिरे जिल्हा पातळीवर होतात. तिथे खुर्चीतून येणाऱ्या उमेदवाराला बसायला जागा आणि नोंदणीत नाव मिळणे, एवढी व्यवस्था कोणत्याही नव्या निधीशिवाय होण्यासारखी आहे.